पूर्णेचे दप्तर पूर्णेत हवे

मराठवाड्यात जुन्या कागदाला अचानक भाव आला तो २०२३ च्या सप्टेंबरात. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि सरकारी अभिलेख कक्षांत धूळ खात पडलेली बासने सोडली गेली. मोडी वाचणारे शोधावे लागले, उर्दू जाणणाऱ्यांना बोलवावे लागले, हैदराबादच्या वाऱ्या झाल्या. मराठा आरक्षणाच्या वादात कोणाचे खरे, हा येथे प्रश्न नाही. पणजोबांचा कागद आपल्याच तालुक्यात मिळत नाही आणि मिळाला तरी वाचता येत नाही, ही नामुष्की मात्र सगळ्यांची आहे.

निजामी राजवटीचा कारभार उर्दूत चाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. राजधानीतले दप्तर बरेचसे हैदराबादेतच राहिले. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेचे तर दुहेरी नुकसान. हे गाव वाढले रेल्वेवर, आणि ती रेल्वे आधी निजामाची, १९५१ पासून मध्य रेल्वेची, १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेची. मुख्यालय सिकंदराबादला. हिंगोलीचा फाटा १९१२ चा. त्यावरून पुढे अकोला-खांडव्याकडे धावणारी मीटरगेजवरची मीनाक्षी एक्सप्रेस आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते. २००८ मध्ये अकोल्यापर्यंत ब्रॉडगेज झाले, ते हवेच होते. पण लोको शेड, रेल्वे क्वार्टर, पाळ्यांवर चालणारे गावाचे घड्याळ, हे कोणी लिहून ठेवले?

सरकारी फायलीत ते नाहीच. ते आहे निवृत्त फायरमनच्या ट्रंकेत: पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनची पत्रके, भीमजयंतीच्या मिरवणुकीचे फोटो. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचेही तसेच. दर १७ सप्टेंबरला झेंडा फडकतो, भाषणे होतात. सैनिकांची पत्रे मात्र वाळवीच्या हवाली.

लोक कागद देत नाहीत, अशी अभ्यासकांची तक्रार असते. का द्यावेत? ‘आठ दिवसांत परत करतो’ म्हणून नेलेली पोथी कधी परत आली आहे? म्हणून नियम एकच असावा: मूळ कागद घरीच राहील, संस्था फक्त स्कॅन घेईल, आणि फोटोत कोण, कुठे, कधी हे घरच्या वडीलधाऱ्यांकडूनच लिहून घेईल. पूर्णेत स्वातंत्र्यसैनिकाचे नाव असलेले महाविद्यालय आहे. त्याने एक खोली आणि एक स्कॅनर द्यावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी इंटरनेटवरून उतरवून काढण्याऐवजी रेल्वे कॉलनीत पाठवावे. मोडी-उर्दूचे वर्ग तिथेच भरवावेत. शासनाने कुणबी नोंदींसाठी जे स्कॅन केले, त्याच्या प्रती तालुक्याला द्याव्यात. खर्च आधीच झालेला आहे.

तोवर पूर्णेकरांनी एवढेच करावे: दिवाळीची झाडलोट करताना ट्रंक रद्दीवाल्यासमोर रिकामी करण्याआधी तीतला एकेक कागद घरातल्या म्हाताऱ्यांना दाखवून घ्यावा.