दहा बंड्या माती

आसगाव हे पवनी तालुक्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातले गाव. इथली शेती धानाची. जुनी माणसे मातीला नावाने ओळखतात. ढेकूळ बोटांनी चुरून सांगतात, ही कन्हार, ही मोरांड, ही खरडी, ही सिहार, ती बरडी. शाळेच्या पुस्तकात ही नावे सहसा नसतात, तेव्हा मुलांना ती घरीच सांगावी.

ही माती दगडाचीच झालेली आहे. आपल्या जिल्ह्यातला बराच दगड पश्चिम महाराष्ट्रासारखा काळा फत्तर नाही, ग्रॅनाइटच्या जातीचा आहे. त्यात पांढरी गार, चकाकणारे अभ्रक आणि फेल्स्पार नावाचे खनिज असते. दगड उन्हात तापतो, रात्री निवतो, त्याला भेगा पडतात. भेगेत पाणी शिरते, झाडाची मुळे शिरतात. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते आणि फेल्स्पारला हळूहळू कुजवते. त्याची चिकणमाती होते. गार मात्र कुजत नाही, फुटून रेती होते. अशी एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

जायला मात्र वेळ लागत नाही. जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एका एकरावरून एक मिलिमीटर, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढा थर गेला तर पाच टन माती गेली. बैलबंडीत अर्धा टन धरला तर दहा बंड्या! शेतात उभे राहून हे डोळ्यांना दिसत नाही. जोराच्या पावसात बांधीतून बाहेर पडणारे पाणी काचेच्या बरणीत धरा आणि रात्रभर ठेवा. रेती आधी तळाशी बसेल, वर मऊ गाळ बसेल, आणि सकाळीही पाणी गढूळच असेल. त्या गढूळपणात सर्वांत बारीक माती असते, आणि खताचा कस तिलाच धरून असतो.

ही माती उतारावरून खाली जाते. म्हणून वर बरडी आणि खाली कन्हार. ज्यांना जमीन उशिरा मिळाली त्यांच्या वाट्याला बहुधा वरचीच आली. खत त्यांनी टाकावे आणि कस खालच्याच्या बांधीत जावा, असा हा व्यवहार आहे.

त्याला अडवतो तो धुरा. धुऱ्यावरचे गवत मुळासकट खरडू नये, कापून बैलाला घालावे. अलीकडे मजुरी वाचवायला धुऱ्यावर तणनाशक मारतात. गवत मरते, मुळे कुजतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात खांड पडते. वाचलेली मजुरी मग माती टाकण्यात जाते. आपल्याकडे धुऱ्यावर तूर लावतात, ती चांगलीच चाल आहे, पण तुरीसाठी धुरा पूर्ण उकरू नये. धान कापण्याआधी लाखोळी किंवा जवसाचा उतेरा टाकला तर पुढेही जमीन उघडी पडत नाही.

गेलेली माती काही प्रमाणात परत आणता येते. ती बोडीत, तलावात गाळ होऊन बसलेली असते. 2017 साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली, पण उन्हाळ्यात तलावाचा गाळ शेतात टाकणे आपल्या भागात त्याआधीपासून चालत आले आहे. तलाव कोणाच्या ताब्यात आहे ते ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. गाळ बरडीला, सिहारला द्यावा आणि पातळ पसरावा. कन्हार आधीच चिकण असते, तिला त्याची गरज नाही.

अडचण बटईने शेती करणाऱ्यांची आहे. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील की नाही याचा भरवसा नसला तर धुऱ्यावर घाम कोण गाळणार? तेव्हा बटईचे बोलणे करतानाच धुऱ्याला माती कोण टाकणार, गाळाच्या बंड्यांचा खर्च कोणाचा, हे चार माणसांसमोर ठरवावे. गाळाचा गुण एका हंगामात संपत नाही. खर्च आपला असेल तर शेतही निदान तीन हंगामांसाठी मागावे, आणि हे बोलणे गाळ टाकण्याच्या आधी, उन्हाळ्यातच करावे.