हस्तकौशल्य : जाळीचा गळपट्टा

जुलै-ऑगस्टात क्यूर्पिपच्या पठारावर थंड झिमझिम सुरू झाली, की गळपट्टा हवासा वाटतो. गाठाळ लोकरीचे टाके डोळ्यांना दिसत नाहीत व चुकलेली वीण सहजी उसवतही नाही. म्हणून ६ मिलिमीटरची जाड सुई घ्यावी. ३२ साखळ्या घालून सुईपासून सहाव्या साखळीत खांब घालावा; पुढे एक साखळी, एक सोडून खांब. दुसऱ्या ओळीपासून ४ साखळ्यांनी वळून प्रत्येक पोकळीतच खांब व मध्ये एक साखळी घालावी.

दृष्टी मंदावल्यावर माझ्या आईने सुई कायमची ठेवून दिली होती. पहिली ओळ मी घालून दिली. पोकळी बोटाला सापडते हे कळताच उरलेला गळपट्टा तिने स्वतःच पुरा केला.