आय७ सोडा, शेवटचं अक्षर बघा

राजारामपुरीत लॅपटॉप बघायला गेलात, की पहिला प्रश्न ठरलेला, 'आय५ की आय७?' माझं मत विचाराल तर आधी नावातलं शेवटचं अक्षर बघा. इंटेलच्या 'आय७-१२५५यू'मधला 'यू' म्हणजे १५ वॉटचा प्रोसेसर. 'आय५-१२४५०एच'मधला 'एच' म्हणजे ४५ वॉटचा. सलग जड काम पडलं, तर हा आय५ त्या आय७ला मागं टाकतो. पण ५० वॉट-अवरची बॅटरी ४५ वॉटनं खेचली, की तासाभरात खेळ खल्लास! नोट्स, पीपीटीचं काम सात-आठ वॉटमध्ये होतं, तिथं तीच बॅटरी सहा तास जाते.

एएमडीचं अजूनच भारी. 'रायझेन ५ ७५२०यू'मधला ७ बघून माल नवा वाटतो. तिसरा आकडा २ मात्र सांगतो, की आतली रचना 'झेन २', म्हणजे २०१९ची.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी खुशाल 'एच' घ्यावा, चार्जर सॅकमध्ये ठेवावा. पण दिवसभर विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्यांनी प्लगशेजारची जागा शोधत का बसायचं? हप्ते घरचे भरणार आहेत. दुकानात पूर्ण मॉडेल नंबर आणि बॅटरीचे वॉट-अवर विचारा. 'आय७ आहे, डोळे झाकून घ्या' असं उत्तर आलं, तर सरळ पुढची गल्ली गाठा.