सरकारी प्रयोगशाळांचें खरेदीखत

सरकारी संशोधनसंस्था खासगी मालकांच्या हवालीं कराव्यात, म्हणजे काम चोख होईल व तिजोरीवरील भार हलका होईल, असें मत अलीकडे वारंवार कानीं येतें. तें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारी कचेरींतील दिरंगाई आम्हीं आंतून पाहिलेली आहे. परंतु विकावयाचें तें नेमकें काय, ह्याचा पंचनामा झाल्यावांचून सौदा होऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

ह्या बाबतींत इंग्लंडांतील एक उदाहरण शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घ्यावें. केंब्रिज येथें 1912 सालीं सार्वजनिक पैशानें पीक-पैदास संस्था निघाली. तिचे पहिले संचालक सर रोलंड बिफेन. तांबेऱ्यास न जुमानण्याचा गव्हाचा गुण आनुवंशिक असतो, हें त्यांनींच दाखविलें होतें. ह्याच संस्थेंतून ‘मॅरिस हंट्समन’ हा गहूं निघाला, आणि 1966 मध्यें ‘मॅरिस पायपर’ हा बटाटाही निघाला. मुळांस लागणाऱ्या एका घातक सूत्रकृमीस तो दाद देत नाहीं. वाणांच्या हक्कांचें शुल्कही सरकारजमा होत असे. अशी ही संस्था 1987 सालीं, सरकारी बियाणें-मंडळासह, युनिलिव्हर कंपनीस 6 कोटी 60 लाख पौंडांस विकण्यांत आली.

मौज अशी कीं, संस्था अखंड विकली गेली नाहीं. नवे वाण काढण्याचें फायद्याचें काम कंपनीकडे गेलें. मूलभूत शास्त्राचें काम सरकारकडे राहून 1990 मध्यें नॉरिच येथें हललें. शास्त्रज्ञ आणि पैदासकार हे पूर्वीं एकाच शिवारांत वावरत. त्यांची ताटातूट झाली. 1998 मध्यें कंपनीनें आपला हिस्सा चौपटीहून अधिक किंमतीस मोन्सँटोस विकला, आणि 2004 मध्यें तेथील गव्हाचें काम एका फ्रेंच कंपनीच्या हातीं गेलें. नव्या मालकांनींही चांगले गहूं दिले, हें कबूल केलें पाहिजे. परंतु तिसऱ्या हस्तांतराच्या वेळीं इंग्रज शेतकऱ्यास कोणी विचारलें काय?

जमिनीच्या खरेदीखतांत विहीर, झाडें, बांध व जाण्यायेण्याची वाट हीं सर्व नमूद करावीं लागतात. वाट लिहावयाची राहिली, तर पुढील पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजविते. प्रयोगशाळेच्या खतांत इमारती व वाण लिहिले जातात. दहा-पंधरा वर्षें फळ न देणारें काम मात्र कोणत्याही रकान्यांत बसत नाहीं.

आपल्याकडील ऊस पहा. कोइमतूरची सरकारी ऊस-पैदास संस्थाही 1912 चीच. तिचा को 86032 हा वाण आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत उभा आहे, आणि शेजाऱ्याच्या फडांतून बेणें आणून आपण तो लावतों. अशा बेण्यावर कंपनीस वर्षानुवर्षें काय मिळणार? जेथें पुन्हा पुन्हा विक्री नाहीं, तेथें भांडवल थांबत नाहीं. हा भांडवलाचा दोष नव्हे, स्वभाव आहे.

म्हणून एखादें केंद्र खासगी हातीं देण्याचा प्रश्न निघालाच, तर संघांनीं तीन गोष्टी लेखी मागाव्या: मूळ बियाण्यांचा संग्रह सरकारी मालकीचा राहावा, ज्यांत नफा नाहीं अशा पिकांचें व रोगांचें काम चालूं राहावें, पुढील विक्रीपूर्वीं शेतकऱ्यांस विचारावें. खतावर सही झाल्यानंतर हरकत घेण्यांत अर्थ नसतो. ती नोटीस लागतांच घ्यावी.