मार्कंड्याला जाल तेव्हा कुंकवाची डबी घरी ठेवा

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली. फराळाचे डबे रिकामे झाले, माहेरवाशिणी आपापल्या घरी परतल्या आणि सकाळच्या थंडीत अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली. चंद्रपूरकडच्या आपल्या माणसांना फिरायला मिळतात ते हेच दोन-तीन महिने! एकदा होळी झाली की पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दाराबाहेर पाऊल टाकवत नाही. म्हणून आज स्वयंपाकघराचं दार जरा ओढून घेऊ आणि एका दिवसाच्या सहलीचं बोलू.

आपल्याकडे सहल म्हटली की ताडोबा ठरलेलं. त्यात वावगं काही नाही. पण जवळची जुनी गावं मात्र आपण लग्नाला, मयतीला नाहीतर जत्रेलाच पाहतो. गाव पाहायचं म्हणून गावाला कोण जातं?

फ्रान्समध्ये जातात. तिथं कोलोंज-ला-रूज नावाचं तांबड्या दगडाच्या घरांचं एक खेडं आहे. तिथल्या नगरप्रमुखांनी १९८२ साली पुढाकार घेऊन सुंदर खेड्यांची एक संघटनाच काढली. वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि जतन केलेल्या जुन्या वास्तू किंवा जागा निदान दोन हव्यात, अशा तिच्या अटी. लोक ती यादी हातात घेऊन गावोगाव हिंडतात. गंमत पाहा, त्याच १९८२ साली, २६ ऑगस्टला, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. मार्कंडा आणि वैरागड ही दोन जुनी गावं तिकडे गेली. जिल्हा वेगळा झाला म्हणून गावं काही दूर गेली नाहीत.

वैरागड आरमोरीजवळ आहे. तिथं जुना किल्ला आहे, खंदक आहे आणि भंडारेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त सापडतो. आज हिरे नाहीत, पण मुलांना ही गोष्ट सांगा, मग पाहा ती किल्ल्यात कशी धावतात!

मार्कंड्याला मूलमार्गे जावं. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो आणि चामोर्शीपासून गाव जवळच आहे. नदी इथं उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर काठाला देवळांचा समूह उभा आहे. सोळा वर्षांचंच आयुष्य लाभलेल्या मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हाती परत जावं लागलं, ती कथा या गावाशी जोडलेली. कोणत्या आईला ती ऐकून पोराला जवळ घ्यावंसं वाटणार नाही? अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ च्या आपल्या दौऱ्यांच्या अहवालात या देवळांचं वर्णन केलं आहे. आपण मात्र महाशिवरात्रीच्या गर्दीत पाठीला पाठ लावून दर्शन घेतो आणि भिंतीवर काय कोरलं आहे ते न पाहताच परततो.

आता एक कबुली देते. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासूबाईंबरोबर मार्कंड्याला गेले. हातात पूजेचं ताट होतं. गाभाऱ्यातली पूजा झाली, पण कुंकू उरलं होतं. मग काय, बाहेरच्या भिंतीवर हाताला लागेल त्या मूर्तीला मी कुंकू लावत सुटले. वर थोडं तेलही वाहिलं. एक आरशात पाहणारी बाई कोरली होती, तिलाही सोडलं नाही! पुण्य केल्यासारखं वाटलं. काही वर्षांनी मुलीला घेऊन गेले आणि तीच मूर्ती शोधली. तोंडावर काळपट, चिकट थर चढलेला. मुलीने विचारलं, "आई, हिचं नाक कुठं गेलं?" नाक होतं गं, पण त्या थराखाली दिसेना. एकट्या माझ्या बोटाने ते झालं नव्हतं, माझ्यासारखी शंभर बोटं लागली होती. तरी त्यातलं एक माझं होतंच ना?

आपल्या घरातलीच गोष्ट घ्या. ओट्याच्या दगडावर तेल सांडलं आणि लगेच पुसलं नाही तर डाग आत मुरतो, त्यावर धूळ बसते, मग कितीही घासा. मूर्तीचा दगडही तसाच तेल पितो. आणि घासायला जाल तर डागाबरोबर कोरीव कामही जातं. म्हणून लावूही नका आणि घासूही नका. पूजा गाभाऱ्यात, तिथल्या पुजाऱ्यांना विचारून करावी. भिंतीवरच्या बायांना नुसतं डोळे भरून पाहावं. नारळ कोरीव दगडावर फोडू नये, मुलांना नावं कोरू देऊ नयेत. कायद्याने तर तो गुन्हा आहेच.

आता तयारीचं. पहाटेच निघा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, तिळाची चटणी आणि गूळ घ्या. दशम्या दिवसभर मऊ राहतात. रस्सेदार वांग्याची भाजी मोह पडला तरी नको, ती आंबते. पाणी भरपूर घ्या. बायकांची अडचण प्रवासात असतेच, तेव्हा मूल किंवा चामोर्शीला थांबून मगच पुढे जा. नदी शांत दिसली तरी मुलांना एकटं पाण्यात सोडू नका. कचरा पिशवीत घालून घरी आणा.

आणि गावातही थोडं हिंडा. कवेलूचं घर, सारवलेलं अंगण, दारातली बाई दिसली तर आधी "राम राम" म्हणा. फोटो काढायचा तो तिला विचारून. तिचं अंगण म्हणजे काही प्रदर्शन नव्हे. गावातलाच चहा घ्या, भाजी घ्या. आपल्या जाण्याने गावाच्या हाती चार पैसे पडले, तर जुन्या दगडांची किंमत गावालाही कळते.

जतन करणं आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. चंद्रपूरच्या परकोटावर झाडंझुडपं माजली होती, ती २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी स्वतः राबून साफ केली. त्यांनी हातात विळे घेतले. आपल्याला तेवढंही करायचं नाही. आपण फक्त बोट आवरायचं.

यंदा मी नातीला घेऊन मार्कंड्याला जाणार आहे. त्या आरशातल्या बाईपुढे आम्ही दोघी उभ्या राहू, हात मागे बांधून. तुम्हीही जाऊन या आणि काय पाहिलंत ते मला कळवा.