वज्रेश्वरीच्या कुंडाखाली ज्वालामुखी नाही!

"खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी गरम." अकलोली-गणेशपुरीच्या कुंडांवर हे मी दरवेळी ऐकतो. मंडळी, आपल्या भिवंडी तालुक्यातला काळा कातळ लाव्हाचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली! पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. दर किलोमीटरला जमीन साधारण २५-३० अंशांनी तापत जाते. तेच तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून तानसाकाठी वर येतं. अशी कुंडं पार राजापूरपर्यंत आहेत.

माझं म्हणणं एवढंच: कुंडाजवळ देवीच्या कथेसोबत ही गोष्टही मराठीत लिहा. आणि कुंडाला खेटून बोअर मारायच्या आधी भूगर्भतज्ज्ञांना विचारा. पाण्याची वाट एकदा बिघडली, तर झरा परत कुठून आणणार?