फोनची गोधडी

गेल्या वीकांताला मी एक पाऊच शिवला. फोन ठेवायचा, आतून फोम लावलेला. वेळ लागला साडेसात तास, शनिवार-रविवार मिळून. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला जरा भांडायचं आहे.

तर झालं असं, की बॅगेत डबा, चार्जर आणि किल्ल्यांच्या संगतीत राहून माझ्या फोनच्या काचेवर ओरखडे पडले. मागचं सिलिकॉनचं कव्हर फोनची पाठ सांभाळतं, तोंड नाही. त्यातच आई महिनाभरासाठी कराडहून पुण्याला आली, तीही शिलाई मशीन घेऊन (तिला रिकामं बसवत नाही). म्हटलं, चार सरळ टिपा तर मारायच्या आहेत. इंजिनिअर आहोत आपण!

फोन साडेसात सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिलाईला. झाले साडेनऊ. कापलं, फोम घातला, शिवलं, सुलट केलं. फोन आत जाईना. जरा जोर केला तर टीप उसवली.

चूक अगदी शाळकरी होती. फोनला जाडी असते. कव्हरसकट एक सेंटिमीटर. त्यात फोम चार मिलिमीटरचा, आणि तो चारही बाजूंनी जागा खातो. म्हणजे फोम धरून वस्तू झाली ८.३ बाय १.८. घेर २०.२, त्याचा निम्मा १०.१ सेंटिमीटर. दोन टिपांमध्ये निदान एवढं अंतर हवं होतं. मी ठेवलं होतं साडेसात.

हे गणित मी कागदावर मांडून मोठ्या अभिमानाने दाखवत होतो. आईने तेवढ्यात फोनला फोम गुंडाळला, वरून कापड गुंडाळलं, कडेला चिमटीत धरून टाचणी लावली, खडूने रेघ ओढली आणि म्हणाली, "इथून मार टीप. बोटभर सैल ठेव, नाहीतर फोन वाजेल आणि तू ओढत बसशील." माझ्या १०.१ मध्ये ते बोटभर नव्हतंच.

मग एकेक गोष्ट कळत गेली. फोम टिपेत घ्यायचा नसतो, टिपेच्या आतच कापायचा. नाहीतर कडा जाड होते आणि सुई अडखळते. चौदा नंबरची सुई काढून सोळाची लावली. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकायला हवेत. वरचा ताण सैल पडला तर खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होते (ही जाळी मी दोनदा केली). सुलट करण्याआधी कोपऱ्यातलं जादा कापड तिरकं छाटायचं, पण टीप कापायची नाही. अस्तराला आईने तिची जुनी सुती साडी दिली. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली, की काचेला याहून चांगलं काही मिळणार नाही. फोम सरकू नये म्हणून शेवटी हाताने धावदोरा घातला. गोधडीला घालतात तसाच. म्हणजे काय, फोनची गोधडीच ती.

आता भांडण.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला वर्कशॉप होतं. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने तासतास घासायचे आणि एकमेकांत बसवायचे. सुतारकाम होतं, पत्र्याचं काम होतं, वेल्डिंग होतं. आमच्यातले निम्मे तयार जॉब बाहेरून आणायचे हा भाग वेगळा. पण ते 'तंत्रज्ञान' होतं, त्याला मार्क होते, जर्नल होतं. सुई-दोरा मात्र चार वर्षांत कुठेच नाही. माप, सैलपणा, ताण, जाडी, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे सगळं या पाऊचमध्ये होतं की! मग ते इंजिनिअरिंग का नाही?

गंमत बघा. एलियस होवने १८४६ साली या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, १८५१ साली आयझॅक सिंगरने आपलं घेतलं, आणि मग अमेरिकेत अशी कोर्टबाजी झाली की १८५६ साली सगळ्यांनी आपापली पेटंटं एकत्र करून तोडगा काढला. आजच्या टेक कंपन्यांची भांडणं आठवावीत असा प्रकार. पुरुष त्यावर भांडत होते तोवर तो शोध होता. तेच मशीन घरात बाईच्या हाताखाली आलं, की त्याचा 'विरंगुळा' झाला.

आणि हे मी कुणा दुसऱ्याला सुनावत नाहीये. माझी आई बारा वर्षं गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको करत होती. अडीच-तीन मीटरचा फॉल, त्याची वरची कड हाताने लावायची आणि पुढून टाका दिसता कामा नये. एका साडीचे पन्नास रुपये, त्यातून फॉल आणि दोरा वजा. माझी हॉस्टेलची मेस त्यावर चालायची. हे मला माहीत होतं. तरीही अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी माझ्या हाताने 'गृहिणी' लिहिलं. क्षणभरही थांबलो नाही. तिने फॉर्म वाचला होता. काही बोलली नाही.

सगळ्यांनी शिवायला बसा असं माझं म्हणणं नाही. बाहेर पाऊच स्वस्तात मिळतात आणि माझ्यापेक्षा सरळ असतात. पण एकदा काहीतरी शिवून बघा, निदान एक तरी टीप उसवून पुन्हा मारा. मग जीन्सची लांबी कमी करायला टाकताना दहा रुपयांसाठी घासाघीस करवणार नाही. मला तरी आता करवत नाही.

असो. पाऊच एका बाजूला किंचित तिरका आहे, पण फोन छान बसतो. (एक सूचना: चार्जिंगला लावताना फोन बाहेर काढा. बॅटरी गरम होते आणि फोम ती उष्णता धरून ठेवतो.)

रविवारी रात्री आईला विचारलं, "असा पाऊच शिवायचे किती घेशील?"

तिने तो उलटा करून टिपा पाहिल्या. म्हणाली, "शिवायचे शंभर. तुझं उसवायचे वेगळे."